गाडी गेली, स्थानक राहिले

प्रस्तावना

गावात कोण आले आणि गावातून कोण गेले, याची पहिली वार्ता रेल्वे स्थानकाला कळते. नोकरीसाठी शहराकडे निघालेला तरुण, सासरी निघालेली मुलगी, बाजाराला निघालेल्या कापसाच्या गाठी, टपालाची थैली या साऱ्यांची वाट स्थानकावरून जाते. एखादा लोहमार्ग बंद पडला की ही वहिवाट संपते आणि मागे एक रिकामी इमारत उरते. तिचे पुढे काय करावे? ती पाडावी, तशीच पडू द्यावी, की तिला नवे काम द्यावे? हा प्रश्न आज अनेक देशांतील लोकांपुढे उभा आहे. प्रस्तुत पाठात अमेरिकेतील डेट्रॉईट शहराने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, त्याची हकीकत दिली आहे. ती वाचताना आपल्या परिसरातील एखादी बंद पडलेली वास्तू डोळ्यांसमोर ठेवा.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• रेल्वे स्थानके बंद का पडतात, याची कारणे सांगता येतील.
• जुन्या वास्तूचे जतन आणि तिचा पुनर्वापर यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• सार्वजनिक वास्तूविषयीच्या निर्णयात स्थानिक लोकांचा सहभाग का आवश्यक असतो, ते सांगता येईल.
• विसर्गसंधीची उदाहरणे ओळखता येतील.

मूळ पाठ

१. वऱ्हाडातील ‘शकुंतला’

वऱ्हाडात ‘शकुंतला’ हे नाव उच्चारले की जुन्या माणसांना एक आगगाडी आठवते. मूर्तिजापूर हे मुंबई–नागपूर मुख्य लोहमार्गावरील जंक्शन. तेथून एक अरुंद मार्ग यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला जात असे. पहिला ११३ किलोमीटर लांबीचा, तर दुसरा ७६ किलोमीटर लांबीचा. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने हे मार्ग उभारले. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणावा, तेथून तो मुंबई बंदरात आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांत पोहोचवावा, हा त्यामागील हेतू होता.

मँचेस्टर येथे १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. त्यानंतर डिझेलचे इंजिन आले. गाडीची चाल धिमी होती. परंतु तिचे भाडे शेतमजुराला परवडत असे. कालांतराने मार्ग जीर्ण झाला, शेजारून डांबरी रस्ते गेले, आणि या शतकाच्या दुसऱ्या दशकात गाड्या थांबल्या. मार्गाचे रुंदीकरण व्हावे आणि गाडी पुन्हा धावावी, ही मागणी तेथील लोक सातत्याने करत आले आहेत. वाटेवरची लहान स्थानके मात्र निर्जन झाली.

हे केवळ वऱ्हाडातच घडले असे नाही. ज्या इंग्लंडने जगाला रेल्वे दिली, त्याच देशात १९६३ साली बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली होती. लहान स्थानकाचे एखादे घर किंवा उपाहारगृह होऊ शकते. परंतु शहराच्या वैभवाचे प्रतीक म्हणून उभारलेले अवाढव्य स्थानक रिकामे पडले, तर काय करायचे? डेट्रॉईट शहराला या प्रश्नाशी तीस वर्षे झगडावे लागले.

२. मोटारींच्या शहरातील स्थानक

डेट्रॉईट हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील शहर. त्याच्या शेजारून वाहणाऱ्या नदीच्या पैलतीरावर कॅनडाचे विंडसर हे गाव आहे. १९१० साली या नदीखालून रेल्वेचा बोगदा सुरू झाला. त्या बोगद्याला सोयीचे ठरेल असे नवे स्थानक शहराच्या मध्यभागापासून काही अंतरावर, पश्चिमेकडील कॉर्कटाऊन या वस्तीत बांधण्यात आले. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातून पोटासाठी आलेल्या लोकांनी वसवलेली म्हणून वस्तीचे नाव कॉर्कटाऊन. स्थानकाचे नाव मिशिगन सेंट्रल.

२६ डिसेंबर १९१३ रोजी शहरातील जुन्या स्थानकाला आग लागली. त्यामुळे समारंभाची वाट न पाहता त्याच दिवशी नव्या स्थानकातून गाड्या सोडाव्या लागल्या. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध ग्रँड सेंट्रल स्थानक ज्या वास्तुरचनाकारांनी उभारले, त्यांनीच या इमारतीचा आराखडा केला होता. पुढील बाजूस प्रवाशांची दालने आणि मागे कचेऱ्यांसाठी अठरा मजली मनोरा, अशी तिची रचना होती. त्या काळी ते जगातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक मानले जाई. प्राचीन रोममधील सार्वजनिक स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेल्या प्रतीक्षालयाला कमानदार छत होते. त्या छतात सुमारे २९,००० फरश्या बसवल्या होत्या.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास येथून दिवसाला दोनशेहून अधिक गाड्या सुटत. कारखान्यांत काम मिळवण्यासाठी दूरदूरचे मजूर येथे उतरत. दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी या शहरातील पहिले पाऊल याच फलाटावर टाकले. महायुद्धांच्या काळात सैनिकांना निरोप देण्यासाठी त्यांचे आप्त येथेच जमत.

स्थानक सुरू झाले, त्याच वर्षी डेट्रॉईटच्या अगदी लगत असलेल्या हायलँड पार्क येथील फोर्ड कंपनीच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याची पद्धत सुरू झाली. मोटार झपाट्याने तयार होऊ लागली, स्वस्त झाली आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. स्थानक बांधणाऱ्यांनी मात्र प्रवासी ट्रामने येतील, असे गृहीत धरले होते. मोटारी उभ्या करण्यासाठी त्यांनी पुरेशी जागा ठेवली नव्हती. १९३८ पर्यंत स्थानकाकडे येणारी ट्रामही बंद झाली. शहराच्या मध्यभागापासून दूर असलेले हे स्थानक अशा रीतीने हळूहळू एकाकी पडू लागले.

३. ओसाड तीस वर्षे

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रुंद महामार्ग झाले आणि विमानप्रवास वाढला. रेल्वेचे प्रवासी घटले. १९५६ साली रेल्वे कंपनीने स्थानक विक्रीस काढले. ग्राहक मिळाला नाही. १९६७ मध्ये प्रतीक्षालय बंद झाले. १९७५ साली ते पुन्हा उघडले आणि त्याच वर्षी या वास्तूची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. तरीही प्रवासी परतले नाहीत. जानेवारी १९८८ मध्ये शेवटची गाडी शिकागोकडे निघाली आणि स्थानकाला कुलूप लागले.

कुलूप लागलेल्या इमारतीला राखण नसली, की तिची लूट सुरू होते. चोरांनी तांब्याच्या तारा, पितळी वस्तू, दिवे, संगमरवर, जे निघेल ते काढून नेले. खिडक्यांच्या काचा फुटल्या. छतातून पावसाचे आणि बर्फाचे पाणी आत आले. हिवाळ्यात ते पाणी भिंतींत गोठे, उन्हाळ्यात वितळे. त्यामुळे दगड व गिलावा सुटत गेला. तळघरात पाणी साचून राहिले. राष्ट्रीय नोंदवहीतील नोंदीने इमारतीला मान दिला; परंतु दुर्लक्षापासून संरक्षण दिले नाही.

शहराचीही स्थिती बिकट होत होती. १९५० साली डेट्रॉईटची लोकसंख्या सुमारे साडेअठरा लाख होती. २०१० साली ती सुमारे सात लाखांवर आली. जगभरातून छायाचित्रकार येत आणि या भग्न स्थानकाची चित्रे काढून नेत. एका शहराच्या अधोगतीचे चिन्ह म्हणून ती चित्रे छापली जात. ज्या वास्तूचा शहराने अभिमान बाळगला, तीच त्याची मानहानी करू लागली.

२००९ साली नगर परिषदेने इमारत पाडण्याचा ठराव केला. धोकादायक आणि निरुपयोगी इमारतीवर आणखी किती काळ विसंबायचे, असा एक विचार होता. ही वास्तू शहराच्या कष्टकऱ्यांची आठवण आहे, ती एकदा गेली की परत मिळणार नाही, असा दुसरा विचार होता. एका नागरिकाने ठरावाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. अखेरीस पाडकाम झाले नाही. पुढे २०१३ मध्ये खुद्द डेट्रॉईट शहरानेच दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा स्थानकासाठी पैसा कोठून येणार, हा प्रश्न अधिकच कठीण झाला.

न्यूयॉर्कने अशा प्रसंगी वेगळा धडा घेतला होता. तेथील पेनसिल्व्हेनिया स्थानकाची देखणी इमारत १९६३ पासून पाडण्यात आली. त्या नुकसानीने लोक हळहळले आणि १९६५ साली शहराने ऐतिहासिक वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच कायद्याच्या आधारे पुढे ग्रँड सेंट्रल स्थानक वाचले; १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला.

४. इमारतीला नवे काम

२०१८ साली फोर्ड कंपनीने मिशिगन सेंट्रल स्थानक विकत घेतले. ज्या मोटारीने स्थानकाचे प्रवासी पळवले, त्याच मोटारीच्या कारखानदाराने स्थानक सावरण्याचे काम हाती घेतले. यामागे केवळ औदार्य नव्हते. विजेवर चालणाऱ्या आणि चालकाविना धावणाऱ्या वाहनांवर काम करणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी कंपनीला शहरात जागा हवी होती. स्थानक आणि त्याभोवतीचा सुमारे ३० एकरांचा परिसर मिळून एक कार्यकेंद्र उभारण्याची तिची योजना होती. त्या योजनेसाठी सुमारे ९५ कोटी डॉलर खर्च अपेक्षित होता.

दुरुस्तीला सहा वर्षे लागली. प्रथम तळघरातील सुमारे १ कोटी ३० लाख लिटर पाणी उपसावे लागले. मग भिंती वाळवण्यात आल्या. मूळ इमारतीचा चुनखडीचा दगड इंडियाना राज्यातील एका खाणीतून आला होता. ती खाण अनेक वर्षे बंद होती. रंग आणि पोत जुळावा म्हणून तिच्यातून पुन्हा दगड काढण्यात आला. प्रतीक्षालयाच्या छतातील २९,००० फरश्या एकेक करून तपासल्या. त्यांतील बहुतेक शाबूत निघाल्या. गवंडी, पाथरवट, सुतार, रंगारी, वीजतंत्री अशा ३,००० हून अधिक कामगारांचे हात या इमारतीला लागले.

कामाच्या दरम्यान दोन घटना घडल्या. खरेदीची वार्ता पसरताच एका अनोळखी माणसाने दूरध्वनी करून स्थानकातील एक जुने घड्याळ परत करण्याची इच्छा कळवली. आपले नाव न सांगता त्याने ते घड्याळ एका पडक्या इमारतीपाशी ठेवले. पुढे आणखीही काही लोकांनी वर्षानुवर्षे घरात राहिलेल्या वस्तू परत आणून दिल्या. दुसरी घटना भिंतीत दडलेली होती. जुना गिलावा काढताना कामगारांना एक बाटली सापडली. तिच्यात जुलै १९१३ मधील चिठ्ठी होती. हे छत आपण बसवले, असे दोन कामगारांनी आपल्या नावांसह त्यात लिहून ठेवले होते. उद्घाटनाच्या फलकांवर मालकांची आणि पुढाऱ्यांची नावे असतात. छत बसवणाऱ्यांची नावे कळायला मात्र शंभरहून अधिक वर्षे लागली.

दुरुस्ती करताना सगळेच जुने पुसून टाकले नाही. ओसाड काळात तरुणांनी भिंतींवर काढलेली काही रंगचित्रे तशीच ठेवली. वास्तूच्या इतिहासात वैभवाप्रमाणे पडता काळही येतो, हे त्यामुळे पाहणाऱ्याच्या ध्यानात राहते.

५. शेजाऱ्यांचा वाटा

मोठी कंपनी वस्तीत आली की जमिनीचे भाव वाढतात, घरभाडी वाढतात आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरीब भाडेकरूला बाहेर पडावे लागते. ही भीती कॉर्कटाऊनच्या रहिवाशांना होती आणि ती अनाठायी नव्हती. डेट्रॉईटच्या मतदारांनी २०१६ साली एक नियम संमत केला होता. ज्या मोठ्या प्रकल्पाला सार्वजनिक निधीची किंवा करसवलतीची मदत मिळते, त्याच्या चालकांनी परिसरातील रहिवाशांशी चर्चा करून त्यांच्या हिताचे करार केले पाहिजेत, असा तो नियम आहे. त्यासाठी नऊ जणांची एक रहिवासी सल्लागार समिती नेमली जाते.

स्थानकाच्या प्रकल्पाला करसवलती मिळणार होत्या. त्यामुळे हा नियम लागू झाला. चर्चेअंती कंपनीने १ कोटी डॉलर समाजहितासाठी देण्याचे मान्य केले. त्यांतील अर्धी रक्कम स्थानिक लोकांच्या शिक्षणासाठी व व्यवसाय-प्रशिक्षणासाठी होती. उरलेली परवडणारी घरे आणि परिसराच्या सुधारणा यांसाठी होती. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम अल्प आहे, अशी टीका झाली. वस्तीतील घरांच्या किमतीही चढल्या. तरीही एक गोष्ट महत्त्वाची घडली. स्थानकाचे काय करायचे, या चर्चेत शेजारच्या माणसाला नियमाने जागा मिळाली.

६ जून २०२४ रोजी स्थानक पुन्हा उघडले. पहिल्या दिवशी हजारो लोक मैदानावर जमले. पुढील काही दिवस आतील दालने सर्वांना पाहण्यासाठी खुली होती. ज्यांचे आईवडील याच फलाटावर उतरले होते, असे वृद्ध नातवंडांना घेऊन आले. इमारतीच्या काही मजल्यांवर कंपनीच्या कचेऱ्या आल्या. शाळकरी मुलांना संगणकाची भाषा शिकवणारी गूगल कंपनीची प्रयोगशाळा सुरू झाली. शेजारची जुनी पुस्तक-कोठाराची इमारत त्याआधी, २०२३ मध्येच, नवउद्योजकांसाठी खुली झाली होती. एकट्याला विकत घेणे शक्य नसलेली यंत्रे व कार्यशाळा तेथे अनेकांना मिळून वापरता येतात. स्थानक उघडले तेव्हा तेथे प्रवासी गाडी मात्र येत नव्हती. हा त्याचा पुनर्जन्म होता. पण रूप वेगळे होते.

६. आपल्याकडील प्रश्न

पॅरिस शहरातील ओर्से स्थानक १९०० साली बांधले गेले. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट आखूड पडले आणि १९३९ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या तेथून सुटणे थांबले. पाडकामातून वाचलेल्या त्या इमारतीत १९८६ साली कलासंग्रहालय सुरू झाले. नागपूरच्या मोतीबाग परिसरात २००२ साली अरुंद मार्गाच्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. इंजिने, डबे, कंदील आणि सिग्नल तेथे जतन केले आहेत. परंतु प्रत्येक गावात संग्रहालय चालू शकत नाही, आणि प्रत्येक स्थानकाला विकत घेणारी मोठी कंपनीही मिळत नाही.

डेट्रॉईटच्या हकीकतीतून खर्चाच्या आकड्यांपेक्षा तीन प्रश्न घेण्यासारखे आहेत. पहिला प्रश्न : गाडी खरोखरच परत येणार नाही का? जेथे लोकांना रेल्वेची गरज आहे आणि मार्ग पुन्हा सुरू होण्याची आशा आहे, तेथे स्थानकाचे रूपांतर करण्याची घाई झाली, तर लोकांचा मूळ हक्कच हिरावला जातो. शकुंतलेच्या वाटेवरील गावांच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत आधीचा आहे.

दुसरा प्रश्न : इमारतीला रोजचे काम कोणते मिळेल? वर्षातून एकदा फुलांनी सजवलेली आणि उरलेले दिवस बंद असलेली वास्तू टिकत नाही. अभ्यासिका, बचत गटांच्या मालाचे दुकान, प्रशिक्षण वर्ग, वाचनालय, आठवडी बाजाराचा निवारा असे एखादे साधे कामही लहान स्थानकाला पुरेसे होते. रोज दार उघडणारा माणूस असला, की गळके छप्पर वेळीच दिसते.

तिसरा प्रश्न : निर्णय कोणाचा आणि देखभाल कोणाची? भारतात रेल्वेची जमीन परस्पर कोणालाही वापरता येत नाही. त्यासाठी रेल्वे प्रशासनाची परवानगी आणि रीतसर करार लागतो. मोकळ्या रेल्वे जमिनीचा व्यापारी विकास करण्यासाठी रेल भूमी विकास प्राधिकरण ही संस्था आहे. व्यापारी उपयोगातून देखभालीचा पैसा उभा राहू शकतो. पण त्या करारात गावाच्या उपयोगाची जागा आधीच राखून ठेवली नाही, तर जुने स्थानक उभे राहते आणि गावकरी बाहेर राहतो.

कोणे एके काळी तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला स्थानकाचे दार उघडे होते. श्रीमंत वरच्या वर्गाच्या डब्यात बसे, गरीब खालच्या वर्गाच्या. पण फलाट दोघांचा एकच असे. गाडी गेल्यानंतर त्या इमारतीत काय सुरू करायचे हे ठरवताना, तो फलाट सर्वांचा राहील की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

शब्दार्थ

वहिवाट – नेहमीचा वापर, प्रघात
पैलतीर – नदीचा पलीकडचा काठ
परगणा – प्रदेशाचा एक विभाग
प्रतीक्षालय – गाडीची वाट पाहत थांबण्याची जागा
गिलावा – भिंतीवर दिलेला चुन्याचा किंवा सिमेंटचा लेप
पोत – पृष्ठभागाचा स्पर्श व घडण
पाथरवट – दगड घडवणारा कारागीर
अनाठायी – अयोग्य, कारण नसलेले
दिवाळखोरी – कर्ज फेडता न येण्याची स्थिती

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.

१. वऱ्हाडातील अरुंद लोहमार्ग मुख्यतः कशासाठी बांधण्यात आला?
(क) कोळसा (ख) कापूस (ग) ऊस (घ) लाकूड

२. मिशिगन सेंट्रल स्थानकातून शेवटची गाडी कोणत्या वर्षी सुटली?
(क) १९५६ (ख) १९६७ (ग) १९७५ (घ) १९८८

३. बाटलीतील चिठ्ठी कोणी लिहिली होती?
(क) प्रवाशांनी (ख) सैनिकांनी (ग) छत बसवणाऱ्या कामगारांनी (घ) स्थानकप्रमुखाने

(आ) चूक की बरोबर ते सांगा.

१. राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाल्यामुळे स्थानकाची लूट थांबली.
२. स्थानक बांधताना मोटारी उभ्या करण्यासाठी पुरेशी जागा ठेवली नव्हती.
३. २००९ च्या ठरावानंतर स्थानक पाडण्यात आले.

भाषाभ्यास : विसर्गसंधी

विसर्गाच्या पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आले असता विसर्गाचा काही वेळा ‘र्’ होतो. पाठातील पुढील शब्द पाहा :

निः + जन = निर्जन
निः + उपयोगी = निरुपयोगी
दुः + लक्ष = दुर्लक्ष
पुनः + जन्म = पुनर्जन्म

याच रीतीने पुढील शब्दांचा विग्रह करा : निर्भय, दुर्दशा, पुनरागमन.

तुम्ही काय शिकलात

• वाहतुकीची साधने बदलली, की जुन्या साधनांसाठी उभारलेल्या वास्तू ओस पडतात.
• इमारतीची नुसती नोंद पुरेशी नसते. तिला रोजचा वापर आणि राखण लागते.
• पुनर्वापरातून रोजगार व शिक्षण मिळू शकते. परंतु भाडेवाढीसारखी झळही स्थानिक लोकांना बसू शकते.
• म्हणून निर्णयाच्या आरंभापासूनच स्थानिक लोकांचा सहभाग आवश्यक असतो.

पाठान्त प्रश्न

१. मोटारीच्या प्रसाराचा मिशिगन सेंट्रल स्थानकावर कोणता परिणाम झाला? आठ-दहा ओळींत लिहा.
२. घड्याळ आणि बाटली या दोन घटनांतून लोकांचे स्थानकाशी असलेले नाते कसे दिसते?
३. इमारत पाडावी आणि इमारत राखावी, या दोन्ही बाजूंचे म्हणणे मांडा. तुम्हांला कोणती बाजू पटते, ते सकारण सांगा.
४. तुमच्या परिसरातील वापरात नसलेली एखादी सार्वजनिक इमारत निवडा. पाठातील तीन प्रश्न तिला लावून पाहा आणि तिच्या वापराविषयी ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला अर्ज लिहा.

उत्तरे

(अ) १. (ख) २. (घ) ३. (ग)
(आ) १. चूक २. बरोबर ३. चूक
भाषाभ्यास : निः + भय, दुः + दशा, पुनः + आगमन